भाषाचार्य सुनीतिकुमार

विद्यापीठात कोणता विषय घ्यावा, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील विद्यार्थ्यापुढे आणि त्याच्या आईवडिलांपुढे उभा राहतो. ज्या विषयाला नाव आहे, ज्याच्या पदवीला बाजारात किंमत आहे, त्याकडे ओढा असणे स्वाभाविक आहे. परंतु एखादा विषय विद्यापीठात अद्याप नीट रुजलेलाच नाही, त्याला स्वतंत्र प्राध्यापक जवळजवळ नाहीत, आपल्या देशी भाषांना लागू पडतील अशी पाठ्यपुस्तकेही नाहीत, आणि तरीही एखाद्या बुद्धिमान तरुणाने आयुष्य त्यालाच वाहायचे ठरवले, तर त्या निर्णयाचे मोल पुढे संपूर्ण देशाला कळून येते. सुनीतिकुमार चट्टोपाध्याय, म्हणजेच डॉ. सुनीतिकुमार चॅटर्जी, यांचे चरित्र हे अशाच एका निर्णयाचे चरित्र आहे.

सुनीतिकुमारांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९० रोजी कोलकात्यासमोर, हुगळीच्या पैलतीरावरील हावडा येथील शिवपूर भागात झाला. वडिलांचे नाव हरिदास. घर मध्यमवर्गीय, संपत्तीपेक्षा शिक्षणावर विश्वास ठेवणारे. मुलाचे शालेय शिक्षण मोतीलाल सील यांच्या मोफत शाळेत झाले. मोतीलाल सील हे एकोणिसाव्या शतकातील कोलकात्याचे मोठे व्यापारी. गरिबांच्या मुलांना शिकता यावे म्हणून त्यांनी १८४२ मध्ये ही शाळा काढली होती. एका दानशूर व्यापाऱ्याने लावलेल्या या झाडाच्या सावलीत शिकलेला मुलगा पुढे भारताचा राष्ट्रीय प्राध्यापक झाला. शाळा काढणाऱ्यांना आपल्या कामाचे फळ बहुधा स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येत नाही, याचे हे एक बोलके उदाहरण होय.

१९०७ च्या प्रवेश परीक्षेत सुनीतिकुमार विद्यापीठात सहावे आले. स्कॉटिश चर्च कॉलेजातून पुढची परीक्षा देताना त्यांचा क्रमांक तिसरा लागला. त्यानंतर प्रेसिडेन्सी कॉलेजातून इंग्रजी हा मुख्य विषय घेऊन १९११ मध्ये ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले आणि १९१३ मध्ये एम. ए. परीक्षेत पहिले आले. त्या काळी अशा विद्यार्थ्यापुढे दोन राजमार्ग असत. एक सरकारी सेवेचा आणि दुसरा वकिलीचा. इंग्रजीच्या प्राध्यापकाची प्रतिष्ठाही काही कमी नव्हती. सुनीतिकुमारांना ती लगेच लाभली. आरंभी विद्यासागर कॉलेजात आणि १९१४ पासून कलकत्ता विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागात ते इंग्रजी शिकवू लागले. कोणत्याही घराला समाधान वाटावे अशी ही सुरुवात होती.

परंतु इंग्रजीच्या अभ्यासक्रमातच त्यांना एक वेगळी वाट दिसली होती. एम. ए. ला त्यांनी प्राचीन आणि मध्ययुगीन इंग्रजी व जर्मानिक भाषांचा इतिहास अभ्यासला होता. हजार वर्षांपूर्वीचे इंग्रजी आजच्या इंग्रजाला वाचूनही कळत नाही. तरीही एका रूपातून दुसरे रूप कसकसे निघाले, हे नियमांनी दाखवता येते. भाषा मनाला येईल तशी बदलत नाही, तिच्या बदलाला शिस्त असते, हे त्या अभ्यासाचे सार. इंग्रजांनी आणि जर्मनांनी आपापल्या भाषांचा असा सूक्ष्म इतिहास लिहिला, मग बंगालीचा का लिहिला जाऊ नये, हा प्रश्न तरुण प्राध्यापकाच्या मनात घर करून बसला. परक्या भाषेच्या अध्ययनातून स्वतःच्या भाषेकडे नव्या दृष्टीने पाहण्याची ओढ निर्माण झाली, ही या चरित्रातील पहिली लक्षणीय गोष्ट.

त्या काळी देशी भाषांना विद्यापीठात फारसे स्थान नव्हते. घरी बोलायची भाषा ती, तिचा अभ्यास तो काय करायचा, अशी सुशिक्षितांचीही समजूत होती. ज्यांना मातृभाषेचा अभिमान होता तेही तिचा मोठेपणा संस्कृतच्या आधाराने सिद्ध करू पाहत. बंगाली ही संस्कृतची थेट कन्या, आणि बोलीतली रूपे म्हणजे तिला लागलेला मळ, असा विचार सर्रास होता. या परिस्थितीत कलकत्ता विद्यापीठाला आशुतोष मुखर्जींसारखा द्रष्टा कुलगुरू लाभला. तुलनात्मक भाषाशास्त्राचा विभाग त्यांच्याच प्रयत्नांनी बळकट झाला. त्या विभागात इरच जहांगीर सोराबजी तारापोरवाला या पारशी पंडितांनी अध्यापन केले. हेच तारापोरवाला पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. १९१९ मध्ये आशुतोषांनी आधुनिक भारतीय भाषांत एम. ए. करण्याची सोय केली. देशी भाषेला पदव्युत्तर वर्गाचे दार उघडणे ही त्या काळी साहसाची गोष्ट होती.

सुनीतिकुमारांनी बंगालीच्या ऐतिहासिक व्याकरणावर काम सुरू केले आणि त्यासाठी त्यांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या देणगीतून कलकत्ता विद्यापीठात चालणारी ही शिष्यवृत्ती तेथील विद्वत्तेचा सर्वोच्च मान समजली जाई. १९१९ मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते लंडनला गेले. वय एकोणतीस. हाताशी स्थिर नोकरी होती, नाव होते. असे असूनही ते पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर जाऊन बसले.

लंडनमध्ये त्यांनी डॅनिअल जोन्स यांच्याकडे ध्वनिशास्त्राचे धडे घेतले. हे शास्त्र विद्यार्थ्याचा सारा गर्व उतरवणारे आहे. आपण कसे बोलतो हे आपल्याला ठाऊक आहे, असे प्रत्येकाला वाटते. परंतु जीभ कोठे टेकते, ओठ किती गोल होतात, श्वास कधी सुटतो आणि कधी अडतो, हे नेमके सांगायची वेळ आली की आपल्याच तोंडाची ओळख नव्याने करून घ्यावी लागते. लिहिलेले अक्षर आणि उच्चारलेला ध्वनी यांत अंतर असते, हे सुनीतिकुमारांनी बंगालीच्या बाबतीत काटेकोरपणे दाखवले. बंगाली माणूस लिहितो लक्ष्मी, पण म्हणतो लोक्खि. त्यांनी असे उच्चार चुकीचे म्हणून मोडीत काढले नाहीत. त्यांची नोंद केली आणि त्यांमागचा नियम शोधला. याच काळात त्यांनी प्राकृत, फारसी, प्राचीन आयरिश, गॉथिक अशा एकमेकींपासून दूर दिसणाऱ्या भाषांचेही अध्ययन केले. १९२१ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी. लिट. पदवी दिली.

तेथून ते पॅरिसला गेले. या मुक्कामाचा मराठी वाचकाला विशेष अभिमान वाटावा असे कारण आहे. पॅरिसमध्ये त्यांना आंत्वान मेये यांच्यासारखे जगन्मान्य भाषाशास्त्रज्ञ भेटले. परंतु भारतीय भाषांच्या बाबतीत त्यांचे गुरू झाले झ्यूल ब्लॉक. या फ्रेंच विद्वानाने मराठी भाषेच्या घडणीवर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला होता आणि तो १९२० मध्ये प्रसिद्ध झाला होता. आधुनिक भारतीय आर्यभाषेचा इतिहास आधुनिक भाषाशास्त्राच्या काटेकोर पद्धतीने कसा लिहावा, याचा तो आदर्श होता. प्राकृतापासून ज्ञानेश्वरीच्या मराठीपर्यंत आणि तेथून आजच्या बोलीपर्यंत प्रत्येक ध्वनीचा आणि प्रत्येक प्रत्ययाचा माग त्यात काढलेला होता. त्याहीपूर्वी, १८७७ मध्ये, मुंबईत रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांतून संस्कृत आणि तिच्यापासून उगम पावलेल्या भाषांचा मोठा पट मांडला होता. बंगालीचा महान इतिहासकार घडत असताना त्याच्या समोरच्या टेबलावर मराठीचा इतिहास होता, ही गोष्ट भारतीय भाषा एकमेकींना कशा उजळतात याची साक्ष देते.

१९२२ मध्ये सुनीतिकुमार मायदेशी परतले. आशुतोष मुखर्जींनी खैऱ्याच्या जमीनदार घराण्याच्या देणगीतून निर्माण केलेल्या अध्यासनांपैकी भारतीय भाषाविज्ञान व ध्वनिशास्त्र यांचे अध्यासन त्यांच्या स्वाधीन केले. तेथे त्यांनी तीस वर्षे अध्यापन केले. परतल्यानंतर त्यांनी आपल्या प्रबंधाचा विस्तार केला आणि १९२६ मध्ये बंगाली भाषेचा उगम व विकास यांवरील त्यांचा इंग्रजी महाग्रंथ कलकत्ता विद्यापीठाने दोन खंडांत प्रसिद्ध केला. हजाराहून अधिक पानांच्या या ग्रंथाला भारतीय भाषांचे सर्वेक्षण करणारे सर जॉर्ज ग्रिअर्सन यांची प्रस्तावना लाभली. दुर्दैव एवढेच, की ज्यांनी या कामाला आधार दिला ते आशुतोष १९२४ मध्येच निवर्तले होते.

या ग्रंथाने काय केले, हे थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. संस्कृत हस्त हा शब्द प्राकृतात हत्थ झाला आणि त्यापासून मराठीत आणि बंगालीत हात आला. कर्ण याचा कण्ण झाला आणि कान उरला. सप्तचे सत्त आणि मग सात. जोडाक्षरातील एक व्यंजन दुसऱ्यासारखे होते, मग दुहेरी व्यंजनापैकी एक गळते आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ होतो. एकदा हा नियम हाती आला की शेकडो शब्दांची कोडी सुटतात. हात हे हस्तचे बिघडलेले रूप नव्हे. ते दोन हजार वर्षे लोकांच्या मुखातून शिस्तीने चालत आलेले रूप आहे. बोलणाऱ्या सामान्य माणसाच्या जिभेला या शास्त्राने दिलेला हा मान होता.

मराठीत आपण गेला म्हणतो आणि बंगाली माणूस गेलो असे उच्चारतो, तेव्हा तो स्वतःविषयी बोलत नसून दुसरा कोणी गेला असेच म्हणत असतो. दोन्ही भाषांतील हा भूतकाळाचा लकार प्राकृतातील एकाच प्रत्ययाचा वारसा आहे. हिंदीत मात्र गया असे म्हणतात. तेथे हा लकार नाही. उलट बंगालीने व्याकरणातील लिंगभेद टाकून दिला. गेला, गेली, गेले हा भेद तिला ठाऊक नाही. आणि जाईन म्हणायचे असेल तर ती जाबो म्हणते, म्हणजे भविष्यकाळाची तिची वाट वेगळी. एकाच घरातून निघालेल्या बहिणींनी काय जपले आणि काय सोडले, याचा हिशेब सुनीतिकुमारांनी प्रकरणागणिक मांडला. बंगालीत फारसीतून काय आले, पोर्तुगीजांनी काय दिले, याचाही त्यांनी शोध घेतला. बंगालीतील चाबि आणि मराठीतील चावी ही एकाच परदेशी गलबतातून उतरलेली भावंडे आहेत.

ग्रंथाच्या केंद्रस्थानी आणखी एक प्रश्न होता. हरप्रसाद शास्त्रींना १९०७ मध्ये नेपाळमध्ये बौद्ध सिद्धांच्या जुन्या गीतांची पोथी सापडली होती आणि १९१६ मध्ये ती छापली गेली होती. या चर्यागीतांची भाषा कोणती, यावर वाद होता. सुनीतिकुमारांनी अभिमानाच्या बळावर निकाल दिला नाही. प्रत्यय, सर्वनामे आणि क्रियारूपे एकेक करून तपासली आणि ती भाषा मूलतः प्राचीन बंगाली आहे असे प्रतिपादन केले. असमिया, उडिया आणि मैथिलीच्या अभ्यासकांनीही त्या गीतांवर हक्क सांगितला, आणि तो वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही. परंतु वाद कोणत्या पुराव्यांच्या आधारे करायचा, हे त्यांनी ठरवून दिले.

ग्रंथाची कीर्ती पंडितांच्या वर्तुळाबाहेरही गेली. रवींद्रनाथांच्या शेषेर कविता या कादंबरीचा नायक शिलाँगच्या डोंगरावर सुट्टी घालवताना सुनीतिकुमारांचे बंगाली शब्दतत्त्वावरचे पुस्तक वाचतो, असा प्रसंग आहे. एका व्याकरणकाराचे नाव प्रेमकथेत यावे, यापेक्षा त्याच्या लोकप्रियतेचा वेगळा पुरावा कोणता हवा? १९२७ मध्ये रवींद्रनाथांनी त्यांना मलाया, जावा, बाली आणि सयाम यांच्या प्रवासात सोबत नेले, आणि त्या प्रवासाचे वर्णन सुनीतिकुमारांनी बंगालीत रसाळपणे लिहिले. पुढे बंगाली भाषेची ओळख करून देणारे आपले पुस्तक रवींद्रनाथांनी त्यांनाच अर्पण केले आणि त्यात त्यांना भाषाचार्य म्हणून गौरवले. ती पदवी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली.

मोठ्या ग्रंथानंतर विश्रांती घेणारे ते नव्हते. १९२८ मध्ये लाहोर येथे भारतीय भाषाविज्ञान परिषदेची स्थापना झाली, तेव्हापासून तिच्याशी त्यांचा निकटचा संबंध राहिला. या परिषदेचे कार्यालय पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि तेथील सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पिढीने या शास्त्राचा विस्तार केला. सुकुमार सेन यांच्यासारखे शिष्य सुनीतिकुमारांच्या वर्गातून तयार झाले. कोलकात्याच्या बाजारात निरनिराळ्या प्रांतांची माणसे जी मोडकीतोडकी हिंदुस्तानी बोलतात, तिच्यावरही त्यांनी गंभीर निबंध लिहिला. हमाल आणि फेरीवाले यांची बोली अभ्यासाच्या योग्यतेची आहे, हे विद्यापीठाच्या प्राध्यापकाने दाखवून द्यावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १९३९ मध्ये त्यांनी बंगालीचे व्याकरण बंगालीतच लिहिले. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किरात-जन-कृति या ग्रंथात त्यांनी हिमालय आणि ईशान्य भारतातील मंगोलवंशीय जनांचा भारतीय संस्कृतीतील वाटा मांडला. आर्य, द्रविड, निषाद आणि किरात या सर्वांनी मिळून भारत घडवला आहे, ही त्यांची धारणा होती, आणि भाषांच्या अभ्यासातूनच ते तिच्यापर्यंत पोचले होते.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग ग्रंथालयात घडला नाही, तो सार्वजनिक जीवनात घडला. तरुणपणापासून ते हिंदीचे पुरस्कर्ते होते. १९४० मध्ये अहमदाबाद येथे दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी भारतीय आर्यभाषा आणि हिंदी यांचा आलेख मांडला, आणि सोप्या हिंदीने देश जोडला जावा असे प्रतिपादन केले. सर्व भारतीय भाषांसाठी रोमन लिपी वापरावी, अशी सूचनाही त्यांनी केली होती. ती कोणालाच फारशी रुचली नाही. स्वातंत्र्यानंतर, १९५५ मध्ये, बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखाली राजभाषा आयोग नेमला गेला आणि सुनीतिकुमार त्याचे सदस्य झाले. आयोगाचा बहुमताचा कौल हिंदीच्या बाजूने झुकला, तेव्हा त्यांनी आणि मद्रासचे पी. सुब्बरायन यांनी स्वतंत्र भिन्नमतपत्रिका जोडल्या. हिंदी घाईने लादल्यास अन्य भाषिकांवर अन्याय होईल आणि देशाचे ऐक्य बळकट होण्याऐवजी दुबळे होईल, असे त्यांचे मत झाले होते.

कालपर्यंत ज्या पक्षाचे वकील होतो त्याच्याविरुद्ध आज लेखी मत द्यायचे, हे वयाच्या पासष्टीत सोपे नसते. त्यांच्यावर टीका झाली, विसंगतीचा आरोप झाला. परंतु त्यांच्या लेखी हिंदीवरचे प्रेम आणि हिंदीच्या सक्तीला विरोध यांत विसंगती नव्हती. भाषा माणसांच्या मुखात आपल्या गतीने वाढते, तिला हुकमाने पुढे ढकलता येत नाही, हे त्यांच्या शास्त्रानेच त्यांना शिकवले होते. लगेच पुढच्या काळात ते केंद्र सरकारच्या संस्कृत आयोगाचे अध्यक्ष झाले. पुण्याचे रा. ना. दांडेकर हेही त्या आयोगात होते.

मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले. १९५२ ते १९६५ या काळात ते पश्चिम बंगालच्या विधान परिषदेचे सभापती होते. १९५५ मध्ये पद्मभूषण आणि १९६३ मध्ये पद्मविभूषण या पदव्या मिळाल्या. १९६५ मध्ये मानव्यविद्यांचे राष्ट्रीय प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली, आणि १९६९ पासून अखेरपर्यंत ते साहित्य अकादमीचे अध्यक्ष होते. उतारवयात रामकथेच्या उगमाविषयी त्यांनी मांडलेल्या विचारांवरून मोठे वादळ उठले. तेव्हाही पुरावा जेथे नेईल तेथे जाण्याची सवय त्यांनी सोडली नाही. त्यांची सारीच मते टिकली असे नाही. परंतु मत मांडण्याची त्यांची रीत टिकली. दक्षिण कोलकात्यातील हिंदुस्तान पार्कमधील त्यांचे सुधर्मा हे घर देशोदेशींच्या अभ्यासकांचे विसाव्याचे ठिकाण झाले होते. २९ मे १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज भारतातील अनेक विद्यापीठांत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. तो निवडणाऱ्या विद्यार्थ्याला अजूनही विचारले जाते, की याचा उपयोग काय, आणि तुला किती भाषा येतात. सुनीतिकुमारांना अनेक भाषा येत होत्या. परंतु त्यांचे मोठेपण भाषांच्या संख्येत नाही. जी भाषा आईकडून मिळाली, तिच्याकडे परक्या भाषेइतक्याच कुतूहलाने पाहणे आणि परक्या भाषेला आपल्या भाषेइतकाच मान देणे, हे त्यांनी एकाच वेळी साधले. ज्यांच्या घरी मराठी आणि दाराबाहेर दुसरी भाषा आहे, जी मुले सकाळी एका भाषेत धडा वाचतात आणि दुपारी दुसऱ्या भाषेत भाजी घेतात, त्यांना या अभ्यासाची सामग्री शोधायला दूर जावे लागत नाही. आपला हात आणि शेजाऱ्याचा हात हे एकच शब्द का, आपला गेला आणि त्याचा गया निराळे का, असा प्रश्न ज्या दिवशी एखाद्या मुलाला पडेल, त्या दिवशी तो सुनीतिकुमारांच्या वर्गात जाऊन बसलेला असेल.